आमच्या तनूला काजू चालत नाही

तनूचा श्वास अडकायला लागला होता आणि आम्ही तिच्या ओठाला खोबरेल लावत होतो.

सांगायला सुरुवात इथूनच करते, कारण काजूच्या मुलखात वाढलेल्या कुणाच्याही हातून हे होऊ शकतं. उद्या अशाच एखाद्या घरात कुणाच्या लेकराला असं झालं तर त्यांनी तेलाची बाटली शोधत बसू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तोंडवलीच्या एका खलाशाची मुलगी, आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली पहिली, आणि आता एका पतसंस्थेत काम करते. सासर मालवण तालुक्यातलंच, पण समुद्रापासून आत, डोंगराच्या उतारावर. माहेरी अंगणात मासळी वाळत असायची, इथे काजू.

चीक

काजूबीच्या सालीत जळजळीत चीक असतो. अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, मग काळी सालपटं निघतात. आमच्याकडे त्याला ‘उतलं’ म्हणतात. ज्याचा ओठ किंवा हात कधीच उतला नाही असं माणूस आमच्या वाडीत सापडायचं नाही. उपायही सगळ्यांना पाठ. राख, नाहीतर खोबरेल.

त्या रविवारी माझ्या सासूबाई खळ्यात ओले काजू फोडत बसल्या होत्या. आम्ही त्यांना आये म्हणतो. हाताला राख चोळलेली, पुढ्यात विळी, बाजूला सोललेल्या गरांची परात. तनू त्यांच्याजवळ बोंडूंची, म्हणजे काजूच्या फळांची, रांग लावून खेळत होती. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. मी आत उसळीसाठी खोबऱ्याचं वाटप वाटत होते. थोड्या वेळाने ती ओठ चोळत आत आली. खालचा ओठ सुजला होता.

“आये, हेच्या ओठाक काय झाला बघा.”

“चीक लागलो आसतलो. बोंडू चोखत होता ना. खोबरेल लाय, बरा जाता.”

मी लावलं. तनू शिंकली, मग खोकायला लागली. डोळे चोळायला लागली. पोट खाजवते म्हणून फ्रॉक वर केला तर पोटभर लाल गांधी उठलेल्या. मी अजून तेल पोटाला चोळलं. मग ती ओकली, आणि माझ्या मांडीवर मऊ पडली, जशी झोप आलेली मुलं पडतात तशी.

खोकला ऐकून शेजारची शालनकाकी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावली.

“दृष्ट काढ गो हेची. सकाळपासून नुसता नाचता हा. मीठ-मोहऱ्यो घे.”

तेवढ्यात तनूने मला हाक मारली. “आई” एवढंच म्हणाली, पण तो तिचा आवाज नव्हता. कुणीतरी तिच्या घशात कापूस कोंबून तिला बोलायला लावलंय असा तो होता. चीक ओठ जाळतो, कातडी जाळतो. आवाज बदलत नाही. हे कळायला मला तो आवाज ऐकावा लागला.

संतोष, माझा नवरा, रिक्षा चालवतो. तो खाली तिठ्यावरच उभा होता. मी फोनवर एवढंच म्हटलं, “बेगीन येवा. तनूक श्वास घेवक जमणा नाय.”

रिक्षात

आमच्या घरापासून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता मला डोळे मिटून सांगता येतो. त्या दिवशी तो मला अनोळखी वाटला. प्रत्येक वळणानंतर आणखी एक वळण. तनूला मी मांडीवर बसती धरली होती, कारण आडवी केली की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. ओठांभोवती निळसर झाक दिसायला लागली. मी तिला सारखी म्हणत होते, “तनू, माझ्याकडे बघ. आईकडे बघ.” ती बघत होती, पण मध्येच तिची नजर माझ्यावरून घसरायची.

आये बाजूला बसल्या होत्या. देवाचं नावही घेत नव्हत्या. दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले होते.

संतोष मागे वळून बघत नव्हता. पुढून ओरडत होता, “श्वास घेता मां? सांग माका, घेता मां?” आणि मी प्रत्येक वेळी “घेता” म्हणत होते. शेवटच्या चढावर मला खात्री नव्हती तरी म्हटलं.

“काय खाल्लं हिने?”

रुग्णालयातली डॉक्टर माझ्याहून लहान असावी. तिने तनूकडे एकदा पाहिलं, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि मला विचारलं, “काय खाल्लं हिने?”

“काही नाही. सकाळी पेज जेवली. काजूचा चीक लागलाय.”

“आजी, तुम्ही दिलंत काही?”

“काय नाय,” आये म्हणाल्या. फरशीकडे बघत म्हणाल्या.

डॉक्टर उत्तरासाठी थांबली नव्हती. तोपर्यंत तनूच्या मांडीत इंजेक्शन गेलं होतं. नंतर मी अनेकदा विचार केला की ती आमच्या सांगण्यावर विसंबली असती तर काय झालं असतं. ती विसंबली नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी आहे.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवते. थोड्याच वेळात त्या शिट्टीचा आवाज मऊ झाला. ओठांचा रंग परत आला. आणि तनू रडायला लागली, मोठ्याने, तिच्या नेहमीच्या आवाजात. संतोष दाराशी उभा होता. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. सिस्टर तनूला प्राणवायूचा मास्क लावायला गेल्या तर ती तो ओढून काढायला लागली.

“आगो, ह्यो हत्ती आसा,” सिस्टर म्हणाल्या. “सोंड लावल्याशिवाय हत्ती खंय चलता?”

तनूने सोंड लावू दिली. त्या सिस्टरांचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

ती बरी दिसायला लागल्यावर आम्हाला वाटलं, चला, सुटलो. संतोष तर रिक्षा दारात लावायला निघाला होता. डॉक्टर म्हणाली, हे परत उलटू शकतं, आज सोडणार नाही. मला मनातून रागच आला. तिन्हीसांजेला तनूच्या पाठीवर पुन्हा गांधी उठल्या आणि तो खोकला परत आला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा हत्तीची सोंड. आम्ही तेव्हा घरी असतो तर, हा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही. तुमच्या लेकराला असं झालं आणि ते तासाभरात हसायला लागलं, तरी डॉक्टर सांगेपर्यंत हलू नका.

तेव्हाच आये खाटेच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी विचारलं नव्हतं.

“एक गर दिलंय मी,” त्या म्हणाल्या. “सोललेलो. नको म्हणत होता, तरी तोंडात घातलंय.”

डॉक्टरने मान हलवली. “बरं केलंत सांगितलंत,” म्हणाली, आणि कागदावर लिहिलं. संतोष उठून बाहेर गेला.

नको म्हणत होती, हे खरंच होतं. गणपतीत शिऱ्यातला काजू तिने जिभेवरून काढून फेकला होता आणि तिचं तोंड लाल झालं होतं. आम्ही हसलो होतो. आये म्हणाल्या होत्या, “कोणाचा गो ह्यां चेडू? काजूकारांच्या घरात जल्माक येवन काजू नको?” बाळ काय सांगत होतं ते आम्हाला कुणालाच समजलं नाही.

आणि हापूस?

पुढे आम्ही तिला गोव्याला दाखवलं. आमच्याकडे मोठं काही झालं की गोवाच. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब टाकून तपासणी केली. काजूच्या थेंबाखाली केवढी तरी गांधी उठली. पिस्त्याखालीही. पिस्त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, तो आमच्या घरी येतोच कुठे.

डॉक्टर म्हणाले, यावर औषध घेऊन ते जाईल असं आज तरी मी सांगणार नाही. टाळायचं. एक कणसुद्धा नाही. आणि तरी झालंच तर इंजेक्शन आधी, बाकी सगळं नंतर.

आये मागून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आणि हापूस?”

डॉक्टर हसले. “आंबा खाते ना ती आतापर्यंत? काही झालं नाही ना? मग खाऊ दे.”

आयेंनी हात जोडले. त्या महिन्यात आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली ती तेवढीच.

परदेशात म्हणे पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. आम्हाला मिळाली ती काचेची छोटी कुपी आणि सिरिंज. कुपीची मान मोडायची, सुई आत घालायची, खुणेपर्यंत ओढायचं, मांडीत बाहेरच्या बाजूला टोचायचं. किती ते डॉक्टरांनी सिरिंजवरच खूण करून दाखवलं. पाण्याच्या कुप्या देऊन माझ्याकडून करून घेतलं. पहिली कुपी माझ्या हातात फुटली. घरी आल्यावर मी कच्च्या पपईत सुई टोचून सराव करायची. पपईला टोचताना हात थरथरत नाही. तनूची मांडी समोर आली तर थरथरेल, हे मला ठाऊक होतं, आणि त्याच भीतीने मी आणखी एक पपई उतरवून आणायची.

घर

आता घराबद्दल. हे लिहायला अवघड आहे.

आमचं वर्षाचं पीक काजू. पडवीत पोती, माळ्यावर पोती. संतोष म्हणाला, कुडाळला खोली बघूया. मग म्हणाला, कलमंच तोडूया. झाडाने काही होत नाही, खाल्ल्याने होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही त्याला पटत नव्हतं. तो आईशी बोलत नव्हता. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा.

आयेंनी तनूला हात लावणं सोडलं. काजूच्या कामाला त्यांनी वाडीतलीच बाई लावली आणि ते सगळं काम मांगरात, घरापासून लांबच्या शेतातल्या खोपीत, हलवलं. तरी दिवसभर हात धुवायच्या. साबण संपला की राखेने. बोटांची सालं निघाली. तनू त्यांच्याकडे धावत गेली की त्या दोन्ही हात वर करून मागे सरकायच्या, जणू तनू निखारा आहे. तनूला तो खेळ वाटायचा आणि ती आणखी हसत मागे लागायची. मी चुलीशी उभी राहून ते बघायची. त्यांच्या जवळ जाऊन काही बोलावं एवढं बळ माझ्यात नव्हतं. मी दिवसभर एकच काम करत होते. तनूचा श्वास ऐकायचं.

पण घर आवरता येतं. गावाचं काय करणार? आमच्याकडे मूल दारात दिसलं की त्याच्या मुठीत काहीतरी कोंबल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, आणि ते काहीतरी म्हणजे काजूगरच. मी एकेकाला सांगत सुटले.

“इतक्याशा गरान काय होता गो? आमी न्हानपणापासून खातंव.”

“आजकालची पोरां नाजूक.”

“चार दिवस थोडा थोडा देवन बघ. सवय होतली.”

हे शेवटचं सगळ्यात भयंकर, आणि सांगणारी माणसं सगळी जीव लावणारी. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी नीट, समजेल असा मजकूर लिहिला. शाळेत निबंधाला बाईंनी शाबासकी दिली होती त्या सगळ्या कौशल्याने लिहिला. पुष्कळ अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली. आणि त्याच संध्याकाळी वरच्या घरचे काका तनू बरी झाली म्हणून काजूकतलीचा डबा घेऊन आले.

माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला नाही असं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक इंग्रजी मी वाचू शकते ते शाळेतल्या बाईंमुळे, आणि दर पुड्यागणिक त्यांची आठवण काढते. पण गाव पुडा वाचत नाही.

गाऱ्हाणं

पेरणीआधी आमचा गाव देवळात जमतो आणि देवाला सांगणं करतो. तात्या मानकरी गाऱ्हाणं घालतात, प्रत्येक वाक्याला गाव होकार देतो. त्या दिवशी आये तनूला कडेवर घेऊन देवळात आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला उचललं होतं. तात्यांच्या कानाशी लागून त्या काहीतरी बोलल्या. तात्यांनी मध्येच विचारलं, “ह्यांव सांगू?” आये म्हणाल्या, “ह्यांव सांगा.”

पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईची चाकरमानी माणसं, सगळ्यांचं सांगून झाल्यावर तात्यांचा आवाज चढला.

“बा देवा म्हाराजा, ह्यां चेडू आज तुझ्या पायाकडे आणलेला आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या चेडवाक काजू म्हणजे इख झाला हा. तर गावच्या लहानथोरांन, लेकी-सुनांन ह्या चेडवाच्या हातात काजूगर देवचो नाय, काजू घातलेला गोडधोड देवचा नाय, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि कोणाच्या हातान चुकान गेला, तर तेना तोंड लपवचा नाय. लाज धरूची नाय. धावत येवन सांगूचा. आणि सांगणाऱ्याक कोणी दोष देवचो नाय, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

काजूकतलीवाले काका माझ्या पुढेच उभे होते. त्यांनीही म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने. मी आयेंकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती आणि तनू त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती. ते शेवटचं वाक्य कुठून आलं हे देवळात फक्त आयेंना, संतोषला आणि मला ठाऊक होतं.

परत निघताना संतोषने रिक्षा चालू केली आणि न बघता म्हणाला, “आये, पोराक घेवन मधी बस. कडेक वारो लागता.”

डाव

गाऱ्हाण्याने भीती गेली असं मी सांगणार नाही. पण वाडीत कुणी तनूला काही द्यायचं झालं की आता आधी माझ्या दारात यायचं. मी हळूहळू तिला शालनकाकीकडे खेळायला सोडू लागले. काकीची नात तनूएवढीच आहे.

श्रावणातला सोमवार होता. मी कामावरून येऊन पाय धूत होते. गडग्याच्या खिंडीतून काकी धावत आली. एका हातात तनूचा दंड, दुसऱ्या हातात डाव, त्यातून खीर ठिबकत होती.

“गो बाय, माझ्या हातान घोळ झालो. खिरीत काय नाय घातलंय, तुझ्या गळ्याशपथ. पण डाव उसळीत बुडवलेलो. काजूच्या उसळीत. दोन घोट घेतल्यान तेना.”

तनूच्या हनुवटीवर गांधी उठली होती. तिने खोकून दाखवावं तसं खोकलं, आणि मी तो खोकला ओळखला.

कुपी-सिरिंजची पिशवी दाराच्या खुंटीला असते. कुपीची मान मी मोडली. खुणेपर्यंत ओढलं. आयेंनी तनूला पाठीमागून घट्ट धरलं, तिचे पाय आपल्या मांड्यांत दाबले आणि म्हणाल्या, “टोच.” मी टोचलं. तनू किंचाळली. तिने मला ‘वायट आई’ म्हटलं, आणि तो तिचाच आवाज होता, स्वच्छ, रागावलेला.

संतोष यायच्या आत शेजारच्या मुलाने गाडी काढली. सगळ्या रस्त्याने मी तनूशी बोलत राहिले. या वेळी ती उत्तरं देत होती. रुग्णालयात सिस्टरांनी काकीकडे बघून विचारलं, “मावशी, ह्यो डाव कित्याक हाडलास?” तेव्हा काकीला कळलं की तो अजून तिच्या हातातच आहे. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि आम्हाला सोडेपर्यंत तिथून हलली नाही, चहाही घेतला नाही.

डॉक्टरने सांगितलं, वेळेवर टोचलंत. मी म्हटलं, काकीने वेळेवर सांगितलं.

त्यानंतर काकीने तनूला हाक मारणं बंद केलं. तनू गडग्याशी जाऊन उभी राहायची. “माका काकीकडे जावचा आसा,” दिवसातून कितीदा तरी. मला नको होतं. खरं सांगते, मला तिला कुठेच पाठवायचं नव्हतं. दार लावून आत बसावं, तिला माझ्या हातचं खाऊ घालावं आणि ती मोठी होईपर्यंत दार उघडू नये असं वाटायचं.

एका दुपारी मी खिंड ओलांडून गेले. काकी भांडी घासत होती.

“पाठव नको गो,” मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. “माका तुझ्यापेक्षा जास्त भय वाटता.”

“माका माहीत आसा.”

“मगे?”

“दुसऱ्या घरात डाव धुवून ठेवलो आसतो काकी, आणि माका कोणी कळवलाच नसता.”

ती तेच भांडं पुन्हा घासायला लागली. मग म्हणाली, “तिचो वाटी-चमचो वेगळो ठेवतंय. वरच्या फळीवर.”

दुसऱ्या दिवशी तनू पलीकडे गेली. मी पिशवी हातात घेऊन खिंडीत उभी राहिले, कामं तशीच टाकून. आतून दोघी मुलींचं भांडण, हसणं ऐकू येत होतं तोवर ठीक होतं. आवाज जरा थांबला की माझ्या तोंडून हाक निघायची, “तनू.”

आणि आतून दोघी एकदम ओ द्यायच्या, तनू आणि काकी.